इनास फादरांची चाल

माणूस एक तर चालतो, नाही तर धावतो. इनास फादरांचं तिसरंच काही तरी होतं. पहिल्यांदा ते आमच्या रस्त्याने जाताना दिसले तेव्हा मला वाटलं, ह्यांच्या मागे कुत्रं लागलंय आणि पाद्री असल्यामुळे धावायची लाज वाटतेय.

नालासोपाऱ्याजवळचं गास गाव सोडून समुद्राच्या बाजूला यायला लागलं की आमचं गाव. नव्वद सालानंतर कधी तरी ते आमच्या चर्चला बदलून आले. तेव्हा आमच्याकडे केळीच्या वाड्या होत्या, माठ होता, अळू होतं, विहिरींना पाणी होतं. नालासोपाऱ्याच्या इमारती लांबून दिसायच्या, अजून अंगावर आल्या नव्हत्या. फादर पन्नाशीला आलेले, उंच, काटकुळे, कान मोठे. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की झगा खुंटीला अडकवायचा, अर्धी विजार, बनियन आणि पांढरे बूट घालायचे, आणि रस्त्याला लागायचं. कोपर वाकवलेली, छाती पुढे, आणि कंबर अशी हलायची की आमच्या लग्नात बँडमागे पिऊन नाचणारी माणसंसुद्धा एवढी हलवत नाहीत. म्हाताऱ्या बायका त्यांना बघून क्रूसाची खूण करायच्या.

माझी बायको फिलू पहिल्या दिवशी एवढी हसली की हातातली भाजीची जुडी सुटली. आमची वाडी रस्त्याला लागून. ती सकाळी बांधावर गोणपाट टाकून बाजाराच्या जुड्या बांधत बसायची. दुसऱ्या दिवशीही हसली. तिसऱ्या दिवशी हसायची थांबली.

"त्याच्या कमरेत काय तरी मोडलंय," मला म्हणाली. "डॉक्टरने चालायला सांगितलं असणार. बिचारा सांगत नाय कोणाला."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे. दिसतंय ना."

आमच्यात रीत आहे, कोणाच्या मरणाच्या आठवणीला, आजारपणाला, पोराच्या परीक्षेला मिस्सा लावायची. ऑफिसात चिठ्ठी द्यायची, आणि मिस्सेच्या सुरुवातीला फादर ती सगळ्यांसमोर वाचतात. फिलूने मला न विचारता चिठ्ठी दिली. रविवारी चर्च भरलेलं. फादरांनी घाईघाईत वाचायला सुरुवात केली, सगळंच ते घाईत करायचे. एका मयताच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, एकाच्या नोकरीसाठी, "आणि आपले धर्मगुरू फादर इनास यांच्या कमरेला आराम पडावा म्हणून."

वाचून झालं आणि मग त्यांना समजलं आपण काय वाचलं ते.

"ही मिस्सा कोणी लावली?"

बायकांच्या बाजूने फिलू उभी राहिली. दुसरी कोणी असती तर तिने खाली बघितलं असतं.

"मी, फादर. पडला का आराम?"

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. फादर वेदीवरून खाली उतरले. अंगात मिस्सेचे सगळे कपडे. दोन्ही हातांनी झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि बाकांच्या मधल्या वाटेने दरवाज्यापर्यंत त्या त्यांच्या चालीने गेले आणि परत आले. म्हणाले, "हा आजार नाही. हा खेळ आहे. चालण्याची शर्यत असते. मुख्य नियम एकच. एक पाय तरी कायम जमिनीला लागलेला पाहिजे. दोन्ही सुटले की तो माणूस धावला, आणि धावला की लाल कार्ड. मैदानाबाहेर." मग फिलूकडे बघून म्हणाले, "माझी कंबर ठीक आहे. पुढच्या वेळी पायासाठी लाव."

त्यांच्या पायाचं दुखणं मला नंतर समजलं. तरुणपणी पाद्रीपणाचं शिक्षण घेताना ते धावायचे, चांगले धावायचे. फुटबॉलमध्ये गुडघा गेला. धावणं बंद झालं, पण शर्यतीची खाज गेली नाही. मग हे चालण्याचं धरलं. वयस्कर माणसांच्या स्पर्धा होतात, कधी नाशिकला, कधी पुण्याला, कधी मुंबईत. फादर एसटीने जायचे आणि बहुतेक वेळा संध्याकाळच्या प्रार्थनेला परत हजर असायचे, कारण त्यांना अर्ध्यातच बाहेर काढलेलं असायचं. वेग वाढला की पाय सुटायचा. ज्याचा सुटतो त्याला ते समजत नाही म्हणे. एवढ्या वर्षांत ते एकही शर्यत शेवटपर्यंत चालले नव्हते.

एकदा आमच्या ओट्यावर बसून मला म्हणाले, "सांतान, मला पहिलं यायचं नाही. शेवटचा येईन. मैदानावरचे दिवे घालवून माणसं घरी जाऊ देत. पण रेषा ओलांडून येईन. एकदाच. लाल कार्ड न बघता."

मी म्हटलं, "त्यात काय एवढं?"

"तुझी विहीर खणताना पाण्याच्या आधी थांबला असतास तर?"

मला खेळातलं कळत नाही, पण विहिरीतलं कळतं.

फिलू आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी फादर बांधासमोरून जात असताना तिने जुडीवरून मान वर न करता म्हटलं, "उडाला."

फादर थांबले. "काय उडालं?"

"पाय. डावा. उजवा टेकायच्या आधीच."

"तू तर भाजी बांधत होतीस."

"भाजी हाताने बांधते. तुमच्या दोन्ही बुटांखालून एकदम मला पलीकडच्या वाडीचं कुंपण दिसलं. एक तरी बूट जमिनीला असता तर दिसलं असतं काय?"

त्यांनी परत मागे जाऊन चालून दाखवलं. परत उडाला. मग रोजचंच झालं. फादर आमच्या बांधासमोर फेऱ्या मारायचे आणि फिलू खाली बसून सांगायची. उडाला. आता बरोबर. उडाला. आता तर अख्खे उडाले, विमानात बसा. गावातली बाई पाद्र्याला असं बोलते म्हणून आमच्या शेजारणीने नाक मुरडलं. फादरांना त्याचं काही नव्हतं. फक्त शनिवारी ती पापनिवेदनाला गेली की ते तिला प्रायश्चित्त म्हणून भलीमोठी प्रार्थना द्यायचे. ती घरी येऊन कुरकुरायची, "शेजारणीला दोन शब्द बोलले तर अख्खी रोझरीची माळ जपायला दिली. सूड घेतो मेला."

त्या माणसाच्या पोटात काही राहत नसे. नाताळात पोरांना काय वाटायचं ते आठवडाभर आधी पोरांनाच सांगून टाकायचे. कोणाचं लग्न जमतंय ते आईबापांच्या आधी गावाला समजायचं. पण पापनिवेदनात ऐकलेलं मात्र कधी बाहेर आलं नाही. पाद्र्याने ते मरेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं, असा चर्चचा कायदाच आहे. ज्याने सांगितलं त्याच्याशीही परत त्याने काढल्याशिवाय विषय काढायचा नसतो. एवढ्या बडबड्या माणसाला ते कसं जमायचं, देव जाणे. गावातल्या दोन भावांचं वाडीवरून भांडण होतं. दोघेही त्यांच्याकडे मन मोकळं करून गेलेले. दोघांनाही वाटायचं फादर आपल्याच बाजूचे.

टँकरचं एक सांगतो. इमारती वाढल्या तसे आमच्या विहिरींचं पाणी न्यायला टँकर यायला लागले. एक टँकर आमच्या शेजाऱ्याचा कुंपणाचा खांब आणि बांधलेली शेळी उडवून पळाला. शेळीचा पाय गेला. फादर तिथूनच जात होते. गेले त्याच्या मागे. आम्ही सायकली काढेपर्यंत ते दिसेनासे झाले. आम्ही पोचलो तेव्हा नालासोपाऱ्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली, टँकर तिच्यात अडकलेला, आणि फादर बनियन-विजारीत ड्रायव्हरच्या खिडकीला धरून उभे. ड्रायव्हर बिचारा उत्तरेकडचा, नवीन. रडकुंडीला आलेला. "बाबूजी, ये आदमी दौडता भी नहीं, रुकता भी नहीं," असं मला सांगत होता. फादरांनी त्याला मागे आणला, शेळीसमोर उभा केला, शेजाऱ्याला हात जोडायला लावले, आणि जेवायला चर्चमध्ये घेऊन गेले.

मी म्हटलं, "धावला असतात तर लवकर गाठला असता."

"एकदा धावलो की महिनाभर पाय ऐकत नाही," म्हणाले.

अंत्ययात्रेत मात्र त्यांचे हाल व्हायचे. क्रूसामागून सावकाश चालायचं, ते त्यांना जमायचं नाही. शवपेटी मागे राहायची आणि फादर पुढच्या वळणावर. मग थांबायचे, मान खाली घालून. माणसं दुःखातसुद्धा एकमेकांकडे बघायची.

मग ती विरारची स्पर्धा आली. जवळच होती म्हणून सगळं गाव निघालं. टेम्पो केला. बायकांनी डबे बांधले. फिलूने आदल्या दिवशी फादरांना सांगितलं होतं, महिनाभर एकदाही उडाला नाय, आता फक्त घाई करू नका. शर्यतीच्या दिवशी त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती बघितली. मिस्सा सांगताना दोनदा चुकले.

मैदानावर ऊन रणरणत होतं. कडेला मंडप होता, पण फिलू तिथे बसली नाही. शेवटच्या वळणाजवळ गवतावर जाऊन बसली, खाली, बांधावर बसायची तशीच. मी तिच्या शेजारी. शर्यत सुरू झाली. कंबर हलवणारी एवढी माणसं एकदम बघून आमच्या बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. पंच कडेकडेने उभे राहून पाय बघत होते. एकाला कार्ड दाखवलं, तो गेला. दुसरा गेला. फादर होते. फेरी संपली की आमच्यापुढून जायचे, फिलूकडे बघायचे, ती मान हलवायची. ठीक आहे म्हणून.

शेवटी शेवटी ते सगळ्यांच्या पुढे आले. गाव उभं राहिलं. मागे फुलपाड्याचा एक माणूस होता, बँकेत कामाला असलेला, तो जवळ येत होता, आणि फादर अजून वेग वाढवत होते. वळणावर आमच्यासमोर आले. फिलू एकदम गुडघ्यावर उठली आणि ओरडली, "उडाला, फादर. उडतोय. हळू."

पंचाने काही केलं नाही. पण फादरांनी पंचाकडे बघितलंच नाही. तिचा आवाज ऐकून त्यांचा वेग खाली आला, सवयीने, कासरा ओढल्यावर बैलाचा येतो तसा. फुलपाड्याचा माणूस त्यांना ओलांडून पुढे गेला आणि पहिला आला. फादर रमतगमत आल्यासारखे त्याच्यामागून रेषा ओलांडून आले. दुसरे. लाल कार्ड नाही, काही नाही. शर्यत पुरी.

गावाने आरडाओरडा केला. काही जण फिलूवर तुटून पडले. "बये, आपल्याच माणसाला अडवतेस? पंचाला दिसलं नव्हतं तर तुझ्या पोटात का दुखलं?" ती फादरांकडे बघत होती.

फादर गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत उभे होते. मग सरळ झाले आणि पंचांच्या टेबलाकडे गेले. आम्ही मागोमाग. म्हणाले, "माझा पाय सुटला होता. शेवटच्या वळणावर. मला बाद करा."

मोठा पंच हसला. "फादर, आम्ही तिघे होतो तिथे. कोणाला दिसलं नाही."

"जिला दिसायला पाहिजे तिला दिसलं."

"कोण ती? अधिकृत आहे का?"

"तिच्यासारखी दुसरी नाही," फादर म्हणाले.

पंचांनी खूप समजावलं. ते ऐकेनात. शेवटी त्यांचं नाव काढलं. दुसरा नंबर तिसऱ्याला गेला. येताना टेम्पोत गाणी झाली नाहीत. डबे तसेच परत आले. फादर ड्रायव्हरजवळ बसले होते. उतरताना फिलूला म्हणाले, "बरं झालं बोललीस. नाही तर चोरून पुरी केली असती."

ती खाली बघून घरात गेली. त्या बाईने खाली बघितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "एवढ्या लांबून नक्की दिसला का पाय?"

"पाय कोन बघत होतं," ती म्हणाली. "पाय जमिनीलाच होता. बांधावर कधी चालला नाय एवढा नीट चालत होता. मी तोंड बघितलं. ओठ काळे पडले होते, सांतान. माझ्या बापाचे पडले होते तसे, वाडीत कोसळला त्या दिवशी. हळू जा म्हटलं असतं तर ऐकलं असतं काय त्याने? उडाला म्हटल्यावरच थांबतो तो."

"मग आता जाऊन सांग की. माणूस जन्मभर ह्याच्यासाठी चालला. पुरी झाली होती त्याची."

"सांगेन. आधी डॉक्टरकडे जाऊ दे."

डॉक्टरकडे तिनेच त्यांच्या मागे लागून पाठवलं. हृदयाचं निघालं. डॉक्टरने सांगितलं, चाला, पण शर्यत बंद. तरी फादरांनी बूट टाकले नाहीत. मला म्हणायचे, "एक बाकी आहे सांतान. एकदा डॉक्टर गावाला गेला की उतरतो." फिलूने ते ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. खरं समजलं की आपण पुरी करू शकतो हे त्यांना समजणार, आणि मग त्यांना कोण धरणार. तिला पदक-बिदक माहीत नव्हतं. जिवंत पाद्री पाहिजे होता. पुढे त्यांची बदली झाली, लांब, डोंगराकडे. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी खरी पंच तूच." ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी परत म्हटलं सांग. ती म्हणाली, "अजून चालतोय तो. पाय थकू देत त्याचे."

वर्षं गेली. आमचा मळा निम्मा राहिला, रस्त्यापलीकडे इमारत उभी राहिली. फिलूची किडनी गेली. हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा डॉक्टरने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. तिला कोणी सांगावं लागलं नाही. म्हणाली, "शेवटचं पापनिवेदन इनास फादरांकडेच करायचं. दुसरा नको." आमचे तेव्हाचे फादर भले माणूस, त्यांनीच फोन केला.

इनास फादर आले. रिक्षातून उतरताना मुलाने हात धरला. केस गेलेले, पाय जड झालेले. आता ते कुठल्या शर्यतीत उतरणार नव्हते, हे लहान पोरालासुद्धा दिसलं असतं. फिलूने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "बाहेर जा. दार लाव."

मी ओट्यावर बसलो. कान लावला नव्हता, तेवढी अक्कल मला आहे. आत बराच वेळ तिचं पुटपुटणं. आणि मग फादर हसले. मोठ्याने, चर्च दणाणेल असं. स्वयंपाकघरातून सून धावत आली. मरणाऱ्या बाईच्या पापनिवेदनात पाद्री हसतो, तिने कधी ऐकलं नव्हतं. मी तिला हाताने थांबवलं. आतून फिलूचाही आवाज आला, खोकत खोकत हसल्याचा.

ते बाहेर आले. डोळे पुसत माझ्या शेजारी बसले. सुनेने चहा दिला. माझ्या पोटात सगळं होतं आणि त्यांच्या पोटात सगळं होतं. मला कोणाचा कायदा नव्हता, पण ते तिने त्यांच्याकडे दिलं होतं, मी मध्ये का पडू. तरी राहवलं नाही. म्हटलं, "फादर, ती विरारची..."

त्यांनी हात वर केला. "यंदा केळीला भाव काय?"

"ठीक आहे."

"अळू अजून लावतोस?"

"थोडं."

"लाव. अळू चांगलं." चहा संपवला. जन्मभर ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं तो माणूस ओठ घट्ट मिटून बसला होता आणि त्याचे मोठे कान लाल झाले होते. उठून परत दारापर्यंत गेले. फिलूला डोळा लागला होता. तिच्याकडे बघून क्रूसाची खूण केली.

दोन्ही माणसं आता नाहीत. फिलू त्याच आठवड्यात गेली. फादरांचं म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरून परवा समजलं. तिथल्या माणसाने त्यांच्याबद्दल चार शब्द लिहा म्हणून सांगितलं, आणि त्यांनी कधी शर्यत पुरी केली का ते नक्की लिहा म्हणाला, कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे म्हणून लिहिलं. पुरी केली.

त्या पापनिवेदनाच्या दिवशी जाताना फादर रिक्षा नको म्हणाले. मोठ्या रस्त्यापर्यंत चालतो म्हणाले. मुलगा निघाला तर त्यालाही थांबवलं. मी ओट्यावरून बघत राहिलो. इमारतीच्या कंपाउंडपाशी पोचले आणि थांबले. भिंतीला एक हात लावला, वाकले, आणि हसायला लागले. सगळं अंग हलत होतं. मोटारसायकलवरचा एक पोरगा थांबला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला काही होतंय. उतरून पाठीवर हात ठेवून विचारायला लागला. फादरांनी त्याचे दोन्ही खांदे धरले, काही तरी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याच्या गालावर थोपटलं, आणि पुढे गेले.